गाडीला दिसलेला माणूस

स्वतः चालणाऱ्या गाडीचं पॅकेज घ्यावं की नाही, यावरून आमच्या कामोठ्यातल्या टू-बीएचकेमध्ये महिनाभर धुसफूस चालली होती. पहिला महिना फुकट होता, पुढे पैसे भरायचे. ते पैसे म्हणजे जयमालाने, म्हणजे माझ्या बायकोने, ड्रायव्हिंग क्लाससाठी साठवलेले.

"गाडी आपली आपण चालते, मग तू कशाला शिकतेस?" हा माझा मुद्दा.

"मग तुम्ही तरी पुढे कशाला बसता?" हा तिचा.

फुकटच्या महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्या सकाळी पार्किंगमध्ये शेजारचे उदयसिंह गाडीकडे फारच प्रेमाने बघत होते. म्हणून मी गुपचूप आरशामागे, काचेला चिकटवून, एक बोटभर काळी बाहुली टांगली, वेणीसकट. (विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण एकट्या विज्ञानावर नाही.)

संध्याकाळी आम्ही गोटीरामशेठकडे सत्यनारायणाला निघालो. ते आमचे जुने घरमालक, राहायला उरणकडे. कळंबोलीच्या गर्दीत मी मुकाट स्वतः गाडी चालवली. उरणजवळच्या द्रोणागिरीचे रुंद, मोकळे रस्ते आले, दोन्ही बाजूंना गवत माजलेले प्लॉट, लांबवर गोदामं, आणि माणूस एकही नाही. म्हटलं, हीच वेळ. बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले.

"बघ आता," मी म्हणालो.

गाडीने करकचून ब्रेक मारला.

समोर काहीच नव्हतं. गाडीतल्या पडद्यावर मात्र रस्त्याच्या मधोमध एक करडी आकृती उभी होती. तिला डोकं होतं, खांदे होते, तोंड नव्हतं.

"कोणी आडवं आलं का हो?" जयमालाने विचारलं.

"नाही."

मी स्वतः गाडी थोडी पुढे घेतली. ती आकृतीही तेवढीच पुढे गेली. मागे घेतली, तर तीही मागे आली. आमच्यातलं अंतर तिने तसूभरही वाढू दिलं नाही की कमी होऊ दिलं नाही. गवत सळसळत होतं आणि उजेड भराभर कमी होत होता.

मी गोटीरामशेठना फोन लावला.

"कंच्या रस्त्यावर हाय तुमी?"

"गोदामांच्या अलीकडे. रिकामे प्लॉट आहेत तिथे."

पलीकडे गोटीरामशेठचा आवाज एकदम चढला.

"तिथं थांबू नका, सुभाषराव. तिथं..."

फोन कट. नंतर रेंजच नाही.

मी रामरक्षा सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला अडकलो. (पॅकेजमध्ये तीही असायला हवी होती.) तेवढ्यात जयमाला दार उघडून खाली उतरली.

"अगं, कुठे चाललीस?"

"बघते कोण आहे ते."

ती सरळ गाडीसमोर जाऊन उभी राहिली. पडद्यावर आता दोन आकृत्या होत्या. एक जयमाला, आणि दुसरी तिच्या खांद्याला अगदी खेटून. मी खरोखर घाबरलो. पॅकेज, पैसे, माझी अक्कल, सगळं त्या क्षणी ओवाळून टाकायला मी तयार होतो.

"जयमाला, आत ये! क्लास लाव! आजच लाव! पण आत ये!"

ती आत आली नाही. ती बॉनेटवर वाकली, काचेला नाक लावलं आणि आरशाच्या मागे बोट दाखवलं.

"अहो, कॅमेऱ्याच्या तोंडासमोर ही कोण लटकवलीय?"

विषय बदलायला पुढची काही मिनिटं मी तिथल्या रस्त्यांच्या आखणीवर बोललो. तिने ऐकलं नाही. दारातून आत वाकून तिने बाहुली काढली आणि मुठीत घेतली. पडदा स्वच्छ झाला. रेंजही परतली आणि फोन आला.

"अवं, थांबू नका म्हनलं कारन मागून कंटेनर येतान!" गोटीरामशेठ ओरडले. "आनि शिरा गार होतोय!"

"क्लासचं बोललात ते लक्षात आहे माझ्या," जयमाला म्हणाली. "आता जरा समोर उभे राहा. गाडी नीट झाली का बघू."

मी उभा राहिलो. ती आत बसून पडदा बघू लागली.

"दिसतोय का?"

"नाही."

मी हात हलवले. एक उडीही मारली.

"रस्ता मोकळा आहे म्हणते."

मग ती खिडकीतून वाकली आणि बाहुली माझ्या हातात दिली. "ही धरून बघा."

मी बाहुली छातीशी धरली. आतून टुंग असा आवाज आला.

"आलं, आलं! एक माणूस आहे म्हणते!"

"कोण? मी ना?"

जयमालाने पडद्याकडे निरखून बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे.

"नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली, "पण वेणी आहे."