हकीकत उसन्या गड्याची, महामारीच्या साली

श्रीहरी. टाळ पेटीत निजले, वीणा खुंटीस लागली, बुवा आपल्या घरी आणि श्रोते आपल्या घरी, तरी नाम काही कोंडून राहत नाही, त्या नामास दंडवत घालोन लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐसे.

त्या राज्यात पायचेंडूचे वेड थोर. फिरंगी ज्यास फुटबॉल म्हणतात तोच हा खेळ. पेठोपेठी संघ, आणि संघास धनी, वस्ताद, फडणीस, ऐसा दौलतीसारखा सरंजाम. बळकट संघ वरच्या पंगतीत खेळत आणि दुबळे खालच्या पंगतीत, आणि वर्षाअखेर वरच्या पंगतीत जो शेवटी राहील त्यास खाली उतरणे प्राप्त होई. त्यांतील एका संघाचे धनी सर्जेराव. मनाचे मोकळे, हाताचे त्याहून मोकळे. महामारीच्या आदले साली खेळगड्यांचा बाजार भरला, तेव्हा रावांनी दूरदेशीचा वालेरियो नामे सरदार साठ लक्ष होनांस खरेदी केला आणि त्यास हत्तीवर बसवून गावभर साखर वाटली. फडणीस विसोपंत म्हणाले, "राव, एवढ्यात अख्खी पलटण आली असती." राव हसोन बोलिले, "पंत, तुम्ही भाजी घ्यावी. सरदार आम्ही घेऊ." आणि तेवढ्यानेही हौस भागेना, म्हणोन दर्याकाठच्या संघाचा बस्त्याव नामे गडी वर्षभर उसना आणिला, आणि शर्त कबूल केली की वर्षाच्या शेवटल्या सामन्यात बस्त्याव मैदानी उतरला तर वीस लक्ष होन मोजोन तो कायमचा विकत घेतलाच पाहिजे. ते समयी मैदान खच्चून भरत होते आणि तिकिटांचा पैसा पोत्याने येत होता, तेव्हा वीस लक्षांचे काय, ऐसे रावांस वाटले.

मग महामारी आली. देवळे मिटली, बाजार मिटले, खेळही मिटला, आणि काही मासांनी हुकूम सुटला की खेळ करावा, परंतु प्रेक्षक एक नसावा. आम्ही कीर्तनाचे लोक, आम्हांस ते दुःख कळते. बुवाने रिकाम्या मंडपात उभे राहावे, आणि "म्हणा" म्हणावे, तर म्हणणारा कोणी नाही, ऐशी त्या मैदानाची कळा जाहली. तिकिटांचा पैसा आटला. वालेरियोचा गुडघा सुजला आणि तो बंगल्यात बसोन दरमहा पगार घेऊ लागला. इकडे गवत राखणारे, धोबी, आचारी, मालिशवाले, ऐशी चाळीस माणसे, त्यांचा पगार पाच मास तटला. खजिन्यात उरले वीस लक्ष, तेवढेच. पंतांनी ते त्या माणसांच्या नावे बाजूस काढिले आणि रावांस निक्षून सांगितले, "बस्त्यावास शेवटल्या सामन्यात उतरवाल तर ही माणसे उपाशी मरतील." उत्तरेच्या एका नबाबाचा जासूद आला होता, की वालेरियो पंचवीस लक्षांस देत असाल तर घेतो, बाजार पडला आहे. राव लाल होवोन म्हणाले, "साठाचा सरदार पंचविसात? लोक काय म्हणतील?" आणि जासुदास पाणीही न विचारता वाटेस लाविले.

आणि शेवटला सामना आला. बरोबरी झाली तर वरची पंगत टिकावी, हरले तर खाली जावे, ऐसा प्रसंग. दुपारचे ऊन, मैदान ओस, आणि समोरच्यांनी आरंभीच एक गोल चढविला. बस्त्याव बाकावर बसोन होता. वर सज्ज्यात राव आणि पंत दोघेच, तोंडास पट्टी, आणि एकमेकांपासून लांब बसावयाचा हुकूम. म्हणोन ओरडोन बोलणे भाग पडले, आणि रिकाम्या मैदानात शब्द कोठे अडेल? दोघांस वाटले आपण खाजगी बोलतो, आणि खाली बावीस गडी, पंच आणि वस्ताद सारे ऐकत होते.

राव ओरडले, "पंत, पोरे दमली! बस्त्याव उतरवू काय?"

पंत ओरडले, "उतरवा! आणि संध्याकाळी चाळीस चुली विझवावयास तुम्हीच जा!"

खाली समोरच्या संघाचा गोलरक्षक मोठ्याने हसला आणि म्हणाला, "धनी, अजून ओरडा, बरं ऐकू येतंय!" परंतु दुसरा कोणी हसला नाही. मग बाळकू वस्ताद बस्त्यावापाशी गेला आणि म्हणाला, "ऊठ रं. धन्याचं मी बघतो."

बस्त्याव उठेना. म्हणाला, "वस्ताद, मी नाही उतरत."

"पाय दुखतोय का?"

"पाय नाही. तो बाबल्या आचारी, गेले पाच महिने पगार नाही तरी मला रोज माशाची आमटी करून घालतो. त्याच्या ताटातलं काढून मी गोल मारू?"

"आणि खाली गेलो तर? फुडच्या साली बाबल्याला कोण ठेवणार हाय?"

"ते मला कळत नाही. मला आमटी कळते."

जैसा शब्द सज्ज्यातून खाली आला तैसाच खालून वर गेला. रावांनी तो ऐकिला. इकडे समोरच्यांचा एक फटका खांबास लागोन परतला, त्याचा खणखणाट साऱ्या मैदानात घुमला, आणि वेळ थोडकाच उरला. मग राव उभे राहिले आणि ओरडले, "वस्ताद, उतरवा त्याला!"

पंत किंचाळले, "राव, पगार!"

"वालेरियो नबाबास द्या."

"साठाचा पंचविसात?"

"साठ लक्षांची चूक आमची. तिचा दंड आचाऱ्याने भरावा काय?"

"आणि नबाब आता नाही म्हणाला तर?"

"तर हत्ती विका."

"या साली हत्ती कोण घेतो, राव!"

"पंत, तुम्ही खाली बसा!"

बस्त्याव हे ऐकोन उठला, सज्ज्याकडे पाहोन छातीवर क्रूस केला, आणि मैदानी उतरला. सौदा त्याच क्षणी पक्का जाहला. आता गोल होवो न होवो, वीस लक्ष गेले, हे राव जाणत होते, वस्ताद जाणत होता, आणि बस्त्यावास तर पाय उचलता त्यांचे ओझे लागत होते. पहिला चेंडू त्याजकडोन निसटला. दुसरा आभाळी गेला. पंच मनगटावरले घड्याळ पाहो लागला. मग उजव्या अंगाने एक चेंडू तरंगत आला, दोघे अंगावर धावोन आले, आणि बस्त्यावाने पाय न लाविता कपाळ लाविले, आणि चेंडू गोलरक्षकाच्या बगलेखालोन जाळ्यात शिरला.

गडी सवयीने रिकाम्या बाकांकडे वळले. हजारोंच्या गर्जनेची सवय, आणि गर्जना करावयास कोणी नाही. तोच सज्ज्यातोन एकच आवाज उठला, "बसलाऽऽ! अरे बसला, बसला, बसला!" पाहतात तो विसोपंत फडणीस, पट्टी हनुवटीवर, पागोटे हाती, बाकावर उभे राहोन नाचताहेत. रावही पाहतच राहिले. मग पंतांस शुद्ध आली, पागोटे डोक्यावर ठेविले, खाली बसले, आणि हळू म्हणाले, "बुडालो."

येणेप्रमाणे बरोबरी होवोन वरची पंगत टिकली. नबाबाने अडचण ओळखोन बावीस लक्षांवर एक कवडी अधिक दिली नाही. त्यांतोन दर्याकाठच्या संघाचे वीस फेडिले आणि बस्त्याव कायमचा पेठेचा जाहला. रावांस चार लोक हसले, ते त्यांनी सोसले. आणि चाळीस माणसांचा तटलेला पगार पंतांनी आपल्या हाते वाटला, परंतु त्यांचा आवाज पार गेला होता, म्हणोन कोणाचे किती ते बोटांनीच दाखवीत होते.