शिट्टी भिजत घातली

कुणी मागितली नसताना मदत करायची सदानंदला भारी हौस. जपानमध्ये, त्सुकुबाच्या लॅबमध्ये त्याच्यासोबत काम करणाऱ्या गालिना-सानच्या आईने रशियात हाताने घडवलेली शेवटची मातीची शिट्टी, चिमणीच्या आकाराची, कच्चीच राहिली होती. भट्टी लावायच्या आधीच आई गेली. "सिरॅमिकवाला मी कशाला आहे? लॅबच्या फर्नेसमध्ये भाजून देतो!" म्हणत याने ती मागून घेतली. एसीत तडकेल म्हणून सावकाश सुकायला घरी आणून ओट्यावर ठेवली.

"कादंबरी, ही शिट्टी. हात लावायचा नाही."

"हाइ, बाबा."

शनिवारी गालिना-सान जेवायला येणार होती. नेमकी सकाळी कुकरची शिट्टी चोंदली. बायको सुप्रभा बाजारात, सदानंद लॅबमध्ये. त्याने तिथूनच लेकीला फोन लावला.

"शिट्टी गरम पाण्यात भिजत घाल, मग ब्रशने घास."

"हात लावू?"

"हात न लावता कशी घासशील, बाळा?"

जपानी शाळेतली पोर, सांगितलेलं चोख करणारी. संध्याकाळी सदानंद घरी आला, तर वाडग्यात चिखल.

"अगं, कुकरची शिट्टी म्हटलं मी!"

"ती ओमोरी ना, कुकरवरचं वजन? शिट्टी ही, तूच सांगितलंस," कादंबरी रडकुंडीला आली.

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" सुप्रभा कडाडली. "कुठली ते नीट सांगायला तोंड दुखत होतं?"

सिरॅमिकमधल्या डॉक्टरांनी बाह्या सरसावून नवी चिमणी वळायला घेतली. झालं वांगं. तेवढ्यात बेल वाजली.

सदानंद कमरेत वाकला तो वर बघेचना. चिखलाचे हात तसेच. तसंच वाकून त्याने गालिना-सानला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण मदत केली नसती तर किती बरं झालं असतं.

ती रागावली नाही. ते वांगं हातात घेऊन खुर्चीत बसली.

"आई दर सुट्टीत म्हणायची, बस, शिकवते. मी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत."

तिने माती मळली, चोच काढली, काडीने भोकं पाडली. फुंकली. फुस्स! कादंबरीने फुंकली. फुस्स! सदानंदने गाल फुगवून जीव काढला, तरी फुस्सच.

"थांबा, भोकाचा कोन जरा..." तो पुढे सरसावला.

"तू गप्प बस," सुप्रभा म्हणाली.

गालिना-सानने ती मुकी चिमणी त्याच्या तळहातावर ठेवली. "हीच भाजून द्या."

"पण ही वाजत नाही हो."

"आईची वाजायची," ती म्हणाली. "ही माझी आहे."