फोटोतला माणूस

शनिवारी दुपारी कुसुम पाठक यांनी आपलं नवं ओळखपत्र हातात घेतलं. नाव बरोबर होतं, पद बरोबर होतं. फोटोला मात्र मिशा होत्या.

"दिवाकरभाऊ, हे तर तुम्ही!"

दिवाकर दाणींनी चष्मा चढवून पाहिलं. मिशा त्यांच्याच होत्या. प्रिंटरमधून पालथी पडलेली कार्डं त्यांनी भराभर उलटली. गंगाधर साहू, श्रावणी देशकर, सगळ्यांच्या नावावर ते स्वतः, सकाळी चाचणीसाठी काढलेल्या फोटोत किंचित हसत.

सोमवारी खातं नव्या रायपुरातल्या इमारतीत जाणार होतं. छापील फोटोच्या कार्डाशिवाय फाटकातून कुणाला सोडायचं नाही, चिकटवलेला फोटो चालणार नाही, असा आदेश होता. साहेबांनी विचारलं तेव्हा "सगळं येते मले" म्हणून दिवाकररावांनी हे काम अंगावर घेतलं होतं. साहेबांचं कार्ड आधीच झालं होतं; बाकीच्यांसाठी कोरी कार्डं मोजून चाळीस आली होती. चाळीसही छापून झाली होती.

"पण पडद्यावर माहाच फोटो होता ना?" कुसुमताईंनी विचारलं.

"पडद्यावर तुमचा, कार्डावर माहा. मधात काय झालं, तेच समजून नाही राहिलं."

दिवाकररावांचा पुतण्या निरंजन शहराजवळच्या सिलतरा गावी कारखान्यात संगणक सांभाळायचा. निरोप मिळताच तो आला आणि त्यानं पहिला प्रश्न केला, "काका, इसमें नया क्या डाला?"

"काही नाही रे. लय हळू चालून राहिला होता, म्हणून काल मेमरी चारची आठ केली."

"बस, वही."

"मेमरी वाढवली म्हणून विसरला? बदाम खाऊन कोणी येडं होते का बे?"

"विसरला नाही, पत्ता चुकला. मेमरीत प्रत्येक जागेला नंबर असते. मेमरी वाढली, नंबर लांब झाले. प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, ज्याले ड्रायव्हर म्हणतात, तो जुना आहे. त्याले शेवटचे बत्तीसच आकडे वाचता येतात, पुढचे तो गाळते. समजा, पत्ता आहे नवं रायपूर, सेक्टर सत्तावीस, घर सात. यानं फक्त 'घर सात' वाचलं अन् गेला जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात."

"सात नंबर तर आपलं घर!"

"हव. तिथं तुमचा सकाळचा फोटो बसून होता. दर वेळी तोच उचलून आणला."

"मग मशीननं त्याले जवळचा पत्ता काहून नाही दिला?"

"दिला असता. पण आधी ड्रायव्हरनं सांगावं लागते, मले एवढेच आकडे जमतात म्हणून. यानं सांगितलं, सगळं येते."

कुसुमताईंनी दिवाकररावांकडे पाहिलं. दिवाकरराव खिडकीबाहेर पाहू लागले.

निरंजननं नवी मेमरी काढली. मशीन सुधारलं, पण छापायला कार्ड उरलं नव्हतं, आणि साहेबांना सांगायला दिवाकररावांपाशी धीरही उरला नव्हता. त्यांनी सगळ्यांना निरोप दिला : ऑफिसच्या बसमधून सगळे एकाच वेळी उतरा, कार्ड दाखवताना फोटोवर अंगठा ठेवा.

सोमवारी एकोणचाळीस अंगठे फाटकातून आत गेले. पहारेकऱ्यानं फक्त नावं यादीशी ताडली. दिवाकररावांना हायसं वाटलं. शेवटी ते स्वतः पुढे झाले. त्यांना अंगठ्याची गरज नव्हती.

पहारेकऱ्यानं कार्ड पाहिलं, मग चेहरा, मग पुन्हा कार्ड. त्यानं टाच आपटून सलाम ठोकला.

"सर, आप खुद! बिना गाड़ी के?"

"क्या?"

"अंगूठे के पीछे से भी मूँछ दिख रही थी, सबके कार्ड पे आपका ही फोटो है, सर. मैं समझ गया था, मंत्रीजी होंगे. सरकारी कागज पे छपता ही है."

"अरे भैया, नहीं, मैं तो..."

पण पहारेकऱ्यानं तोवर फोन उचलला होता. पाच मिनिटांत साहेब धापा टाकत जिना उतरून आले. हातात पुष्पगुच्छ होता, मागे दोन शिपाई. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

"दाणी, मंत्रीजी किधर हैं?"

दिवाकररावांनी हळूच कार्डावर अंगठा ठेवला.