वानखडे सरांचे देश

सकाळी सकाळी दारावर जोरात थाप पडली, की समजावं, कुठला तरी देश अडचणीत आला. तोंडातली राखुंडी तशीच ठेवून मी दार उघडायचो. बाहेर शेजारचे वानखडे सर, हातात माझंच वर्तमानपत्र.

"अर्जेंटिना कर्जाले पुन्हा मुदत मागून राह्यली न् बे!"

सूर असा, की सख्खी बहीण संकटात सापडली.

"मागू द्या. आधी चहा घ्या," आमची ही आतून म्हणायची.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. बुलढाण्याच्या कॉलेजात सर अर्थशास्त्र शिकवत, मी इतिहास. सरांनी उभा जन्म एकाच प्रश्नाला वाहिला होता. माणसानं कर्ज बुडवलं तर घरावर जप्ती येते. देशावर कोण आणणार? तरी बहुतेक देश कर्ज फेडतात. "काऊन फेडतात बे?" हे ते शिपायालाही विचारत. एकदा अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याशीच वाद घातला आणि तसेच तणतणत वर्गावर गेले. पोरं खदखदून हसली. सरांना वाटलं, विषय आवडला!

त्यांचे लेख मात्र परदेशात छापून येत. एक दिवस दिल्लीच्या एका संशोधन संस्थेनं बोलावलं. मोठी जागा, बंगला, हवी तेवढी पुस्तकं. गल्लीत आम्ही पेढे वाटले आणि सर आपले "पाहू, पाहू" करत बसले. मला असा संताप आला! बायको वारलेली, मूलबाळ नाही, अडलंय कुठं या माणसाचं?

"रविवारी धामणगाव बढ्याले चाल माह्यासंग," ते म्हणाले.

दर रविवारी ते तिकडे जात. आम्हाला वाटे, संशोधन असेल. निघालं बायकोचं माहेर. घरात म्हाताऱ्या सासूबाई एकट्या. सर त्यांना मामी म्हणत. जुन्या रिवाजाप्रमाणे मामी जावयासमोर येत नसत, थेट बोलत नसत. त्या पदर ओढून दाराआड बसल्या, सर ओसरीवर दाराकडे तोंड करून. आणि व्याख्यान सुरू!

मधेच दाराआडून मला हुकूम आला, "इचारा त्यायले, अर्जेंटिनाले मुदत भेटली काय?"

"सांग मामीले, भेटली."

"बरं झालं माय."

"मी नसतो तेव्हा निरोप कोण देतं?" मी विचारलं.

"मांजर," सर गंभीरपणे म्हणाले.

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून गिळलं.

"शांता गेल्यापासून माह्यं बोलणं ऐकणारं हेच एक माणूस आहे बे. दिल्लीले चला म्हणतो, तं म्हणते, लेकीच्या घरचं पाणी कसं पिऊ? हिले एकटी टाकून मी नाही जात. कळवून टाकतो उद्या."

लेक जाऊन इतकी वर्षं झाली, पण म्हातारीच्या लेखी ते घर अजून लेकीचंच होतं.

मग मामी उंबरठ्याबाहेर आल्या. पदर नाकापर्यंत, पण बोलल्या सरळ त्यांच्याशीच.

"जवाईबापू, दिल्लीले माह्यी चूल अलग मांडून द्याल काय? पीठ मी इथूनच घेतो. माठ बी माह्याच."

सर ताडकन उठले. जगातल्या साऱ्या देशांवर तासन् तास बोलणाऱ्या त्या माणसानं माझा दंड घट्ट धरला.

"तूच सांग न् बे त्यायले," ते कसेबसे म्हणाले, "हाव म्हणावं, देतो मांडून."