भिंतीला तोंड फुटलं

थंडोबाची मुलाखत अकराला होती आणि दहा वाजता घरच्यांच्या ध्यानात आलं, की त्याच्या पाठीमागे दाखवण्यासारखं काही नाही.

थंडोबा हे नाव त्याला चपलांच्या दुकानात पडलं. गिऱ्हाईक अख्खं कपाट उपसायला लावून रिकाम्या हाताने निघालं, तरी हा गृहस्थ मनापासून "पुन्हा या" म्हणायचा. गिऱ्हाईकं खरोखरच पुन्हा यायची आणि तशीच जायची. शेवटी दुकान बंद पडलं. तेव्हापासून घर बायकोच्या शिवणावर चाललं होतं, आणि तिचे डोळे आता सुईच्या नेढ्याशी भांडू लागले होते. तेव्हा ही नोकरी लागणं भागच होतं. नोकरी होती कपडे धुण्याचं मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात आणि मुलाखत होती व्हिडिओवर.

अडचण अशी, की इंटरनेट स्वयंपाकघराच्या खिडकीशीच यायचं आणि बरी म्हणावी अशी भिंत होती बाहेरच्या खोलीत. इंटरनेट भिंतीकडे जाईना, भिंत इंटरनेटकडे येईना. खिडकीशी बसावं, तर मागे भांड्यांची मांडणी. बायकोने इस्त्रीची पांढरी चादर काढली. पण खिळा ठोकायला घरमालकाची मनाई.

"एक टोक मी धरते," ती म्हणाली. "दुसरं बाबा धरतील."

बाबा म्हणजे थंडोबाचे वडील, निवृत्त तिकीट तपासनीस. जन्मभर त्यांनी लोकांची कारणं ऐकली. पटलं एकही नाही. दोघं चादरीमागे दोन स्टुलांवर उभी राहिली.

"बाबा, तुम्ही आता भिंत आहात," सुनेने बजावलं. "बोलायचं नाही."

"भिंतीला कान असतात ना?"

"असू देत. तोंड नसतं."

मुलाखत घेणाऱ्या बाई वेळेवर आल्या. सुरुवात झकास झाली. थंडोबाने नाव, गाव, अनुभव सगळं घोकल्याप्रमाणे सांगितलं. भिंत पांढरीशुभ्र आणि गप्प होती.

"समजा," बाई म्हणाल्या, "ग्राहकाचं मशीन फार आवाज करतंय. आमचा माणूस दोनदा जाऊन आला, तरी फरक नाही. तुम्ही काय कराल?"

"सर्वप्रथम मी त्यांचं म्हणणं ऐकून घेईन."

"दोनदा कुठे? चारदा आला," भिंत म्हणाली.

चादरीवरून एक लाट गेली.

"बाबा," दुसऱ्या टोकाकडून दबका आवाज आला.

"का? ह्यांच्याच कंपनीचं मशीन आहे ना आपलं? माणूस आला, मशीनला कान लावला आणि म्हणाला, आवाज येतोय. अहो, ते तर आम्हीच त्याला सांगितलं होतं."

एवढं बोलताना बाबांनी हात उडवला, आणि हातात चादरीचं टोक होतं. भिंत अर्धी खाली आली. मागे भांडी, स्टुलावर हात उंचावून उभी बायको आणि वर तापलेले बाबा, असं सगळं कुटुंब पडद्यावर दिसू लागलं.

नोकरी गेलीच, हे थंडोबाला कळलं. पण समोर तक्रार उभी होती आणि सवय जात नाही. त्याने खुर्ची वळवली.

"साहेब, आपण आधी बसा. आवाज सुरू होताना येतो की थांबताना?"

बाबा गोंधळले. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "थांबताना."

"दचकायला होत असेल."

"होतं ना. दुपारी डोळा लागला की हमखास."

"म्हणजे आपल्या झोपेचंही खोबरं. फार त्रास झाला आपल्याला."

"झाला खरा," म्हणत बाबा स्टुलावरून उतरले आणि निमूटपणे बसले.

बाईंनी विचारलं, "मशीन दुरुस्त झालं का?"

"नाही," थंडोबा प्रामाणिकपणे म्हणाला.

"आणि ग्राहक शांत झाला."

"हो."

"असा माणूस आम्ही फार दिवस शोधतोय. सोमवारपासून या. म्हणजे येऊ नका, तिथेच बसा."

सोमवारी थंडोबा कानाला हेडफोन लावून खिडकीशी बसला. पहिलाच फोन बाहेरच्या खोलीतून आला. त्याने अदबीने पूर्ण नाव विचारलं. बाबांनी आडनावासकट सांगितलं, मशीनचा आवाज तोंडाने काढून दाखवला आणि समाधानाने फोन ठेवला.

"कोण भेटलं, बाबा?" सुनेने विचारलं.

"होता एक. बोलायला गोड आहे," बाबा म्हणाले. "करणार मात्र काही नाही."