खोकल्याविना सभा

एका जंगलात, मुलांनो, मोबाइल दर घरामागे दोन होते आणि पाणवठा मात्र सगळ्यांत मिळून एकच. हे जंगल कुठलं, ते विचारू नका. तुमच्या घरापासून फार लांब नाही.

तिथे प्रबोध नावाचा एक तरुण साळिंदर होता. सात डोंगरांपलीकडे शिकून तो नुकताच परतला होता. आल्या आल्या त्याने जांभळाखालची सभा पाहिली.

वाघमहाराज शिळेवर बसून म्हणाले, "उन्हाळाभर पाणवठा दिवसा फक्त आमच्यासाठी राहील. कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही. फक्त भेकरमावशी खोकली. मग चितळ खोकलं. मग ससे. बघता बघता सगळं रान खोकू लागलं.

महाराजांनी कान झटकले. "बरं, पुढच्या सभेत बघू."

कित्येक वर्षं हा विषय पुढच्याच सभेत होता.

"मावशी, हे काय?" प्रबोध म्हणाला. "हरकत आहे तर तोंडाने सांगा ना!"

"अरे, बोललं की कोण बोललं ते कळतं. खोकला सगळ्यांचा सारखाच."

"पण ही गुलामी झाली!"

"असेल बाबा. पाणी मिळतंय ना?"

प्रबोधच्या अंगावर काटा आला. तो तिथे होताच, पण या वेळी आतूनही आला. त्याने ठरवलं, सभा मोबाइलवर घ्यायची. नखांपासून लांब, आपापल्या बिळात बसून जो तो निर्भयपणे बोलेल.

"सभा बंद करायची कळ आमच्याकडेच ना?" महाराजांनी विचारलं.

"अर्थात, महाराज."

"मग आमची हरकत नाही."

प्रबोधने एकेक अ‍ॅप वापरून पाहिलं. पहिल्यात सगळे एकदम बोलले आणि शेवटी एकट्या बेडकाचं ऐकू आलं. दुसऱ्यात वटवाघळाने तक्रार केली की बाकी सगळे उलटे दिसतात. ते सुलटं करून दिलं, तर बाकीच्यांना सगळे झाडावरून पडल्यासारखे दिसू लागले.

तिसरं अ‍ॅप मात्र गुणी होतं. वारा, माश्या, पाचोळा, सगळा गोंगाट ते आपोआप गाळून टाकायचं. राहायचे ते फक्त शब्द.

"ऐकू येतंय का रे बाळा?" मावशीने आपल्या जाळीतून विचारलं.

"लख्ख, मावशी!" प्रबोधच्या डोळ्यांत पाणी आलं. तेच अ‍ॅप ठरलं.

सभेचा दिवस उजाडला. महाराज म्हणाले, "उन्हाळाभर पाणवठा दिवसा फक्त आमच्यासाठी राहील. कुणाची हरकत?"

शांतता.

प्रबोधने पडद्याकडे पाहिलं. एका चौकोनात मावशीची मान हिसके देत होती. शेजारच्या चौकोनात चितळाचे खांदे उडत होते. सशांचे कान थरथरत होते. सगळे चौकोन जीव तोडून खोकत होते. आवाज मात्र एकाचाही नव्हता.

"मावशी, बोला!" प्रबोध ओरडला. "शब्दांत बोला!"

मावशी आणखी जोरात खोकली.

"महाराज, थांबा! त्यांची हरकत आहे. ते खोकताहेत!"

"असं?" महाराजांनी कान टवकारले. "आम्हाला काही ऐकू आलं नाही. तुला आलं?"

प्रबोध परदेशात शिकलेला होता. खोटं बोलणं त्याला जमेना.

"नाही," तो म्हणाला.

"ठराव एकमताने मंजूर. किती छान अ‍ॅप आहे!" महाराजांनी कळ दाबली. पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी प्रबोध पाणवठ्याकडे गेला. महाराज पाण्यात पाय सोडून पहुडले होते. लांब करवंदीच्या जाळीआड मावशी उभी होती. जीभ बाहेर आली होती. घसा पार बसला होता.

"एवढी कधीच खोकले नव्हते," ती कुजबुजली. "ऐकू येत होतं ना रे बाळा?"

तात्पर्य : सभेसाठी अ‍ॅप निवडताना आवाज स्वच्छ येतो की नाही, एवढंच बघावं. कुणाचा येतो, हे विचारत बसू नये. त्याने सभा लांबते, आणि महाराजांना तहान लागते.