दाताचा झाला बाप

"या ऐतवारी सारं घर टेकडीवर नेऊन दाखवतो! नाही नेलं तं नावाचा उकंडराव नाही!"

शनिवारी सकाळी चहाच्या कपाले साक्षी ठेवून उकंडरावनं ही घोषणा केली. लोहारा गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवाचं त्याचं दुकान. वय पन्नाशीकडं झुकलेलं, अक्कल आठवीतच थांबलेली. लोकाइची मस्करी करणं हा त्याचा खरा धंदा, रंगकाम आपलं पोटापुरतं. सुटलेल्या एसटीमांगं "थांबा, थांबा!" करत धावाचं, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की खिडकीजवळ जाऊन म्हणाचं, "काही नाही भाऊ, टाटा कराचा राह्यला होता!" असा हा माणूस. त्याच्यामुळं गावात कोणी "आग लागली!" म्हणून बोंबललं, तरी लोक आधी उकंडराव कुठी हाय थे पाहत, मंग बादली उचलत.

तं हे टेकडीचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं त्याच्या पोरीनं. नयन पुण्याले नोकरीवर. दिवाळीत घरी आली थे जिओकॅशिंग नावाचा नवा शौक घेऊनच.

"कोणीतरी कुठंतरी एक डबा लपवते, बाबा. त्याची जागा फोनमधी टाकते. आपण फोन पाहत पाहत जाचं, अन् थो डबा हुडकाचा. आतल्या चिठ्ठीवर नाव लिवाचं, एखादी बारकी वस्तू घ्याची, एखादी ठेवाची, अन् डबा होता तसा लपवून घरी याचं."

"मंग भेटते काय?"

"भेटत काहीच नाही. मजा येते!"

ज्या कामात मेहनत लय, फायदा शून्य, अन् वरून कपडे फाटते, असं काम म्हणजे उकंडरावचा जीव की प्राण! पयल्याच दिवशी बापलेकीनं एका जुन्या पुलाखालून डबी हुडकली. आत एक बटन अन् एक गोटी. त्या बटनापायी उकंडरावची पँट बाभळीत फाटली, कोपर सोललं, पण घरी आला थो असा, जसं काही गुप्तधनाचा हंडा काखोटीले मारून आणला!

"विमल, तूबी चाल एकदा! काय मजा येते म्हणून सांगू!"

त्याची बायको विमल शिवणकाम करे. तिनं मान वर न करता म्हटलं, "बटनच पाह्यजे ना? माह्या शिवणाच्या डब्यात किलोभर हायेत. तठीच हुडका."

मांगं बाजेवर सासूबाई बसल्या होत्या. मोतीबाई नाव. महिन्याभरापासून लेकीकडं मुक्कामाले. त्याइले विचारलं तं म्हणाल्या, "जवाईबापू, मी टेकडीवर एकदाच जाइन. अन् थेबी चौघाइच्या खांद्यावर."

आता उकंडराव इरेले पेटला. त्यानं हिशोब केला. सासूबाई हलली की विमल हलते, विमल हलली की घर हलते. मंग सासूबाई कायनं हलन? तं दातानं!

मोतीबाईनं नुकतेच नवे दात बसवून घेतले होते. कारणबी तसंच होतं. ऐतवारी संध्याकाळी दिग्रसले त्याइच्या लेकाच्या पोरीचा साखरपुडा होता, अन् नवरदेवाकडची आजी चारचौघात म्हणून गेली होती, "आमच्या व्याहीनबाईचं काय, बोळकं तोंड! त्याइले शिरा वाढा." तवापासून मोतीबाईचं एकच ध्येय उरलं होतं. त्या व्याहीनीसमोर बसाचं, अन् कडाकडा शेंगदाणे फोडाचे!

शनिवारी दुपारी मोतीबाई दात वाटीत ठेवून झोपल्या. उकंडरावनं वाटी उचलली, दात स्वच्छ फडक्यात गुंडाळले, स्टीलच्या डब्यात घातले, अन् गाडीले किक मारली. लोहाऱ्यामांगच्या टेकडीवर एका पळसाखाली बरासा दगड पाहून त्याच्या बुडाशी डबा सरकवला. जागा फोनमधी टाकली. पण पलटून पाहते तं काय, टेकडीवर सारे दगड सारखेच काळे! फोन दाखवते अदमासानं. सासूबाई कोणकोणता दगड उलथवून पाहीन? डिक्कीत ट्रॉलीचा केशरी रंग होता. गड्यानं बोटानंच दगडाले दोन-चार फराटे मारले, वरून एक गोल टिकला काढला, अन् शिट्टी वाजवत घरी आला.

केशरी रंग! दगडाले! पळसाच्या झाडाखाली! पन्नास वर्षं या मुलखात काढलेल्या माणसाले त्यात काही वावगं वाटलं नाही, म्हणजे पाहा!

संध्याकाळी मोतीबाईनं घर डोक्यावर घेतलं. दात नसले की त्याइच्या तोंडात 'त' अन् 'द' ले बसाले जागाच राहत नसे. थे बिचारे ओठावर येत, अन् 'प' अन् 'ब' होऊन बाहेर पडत.

"माहे बाप कुठी हायेप?" मोतीबाई गरजल्या.

"मामी, तुमचे बाप जाऊन जमाना झाला," उकंडराव म्हणाला.

"बाप! बाप! माहे बाप बे!"

"पाहा विमल, तुही माय मले बे म्हणून राह्यली!"

"थे 'दे' म्हणून राह्यली!" विमलनं हातातली कैची खाली ठेवली. लक्षण वाईट होतं. "काय केलं तुमी?"

उकंडरावनं मोठ्या ऐटीत सांगितलं. दात सुखरूप हायेत. उद्या सकाळी साऱ्याइनं टेकडीवर याचं, फोन पाहाचा अन् डबा हुडकाचा. नयननं कपाळावर हात मारला, "बाबा! खेळणं ठेवतेत त्यात, खेळणं! आजीचा जबडा नाही!"

"ऐका," विमल थंड आवाजात म्हणाली. "दात भेटले नाही, अन् मायचा साखरपुड्यात पाणउतारा झाला, तं तुमी या घरात पाय ठेवाचा नाही. दुकानात ट्रॉलीत झोपाचं."

रात्री मोतीबाईनं नरम खिचडी गिळली, अन् दर घासाले जवयाकडं पाह्यलं.

ऐतवारी सकाळी शेजारच्या मुजफ्फरचा ऑटो केला. वरात टेकडीशी पोचली तं वरून घंटी वाजल्याचा आवाज!

"टेकडीवर घंटी कायची बे?" उकंडराव म्हणाला, अन् वर पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दगडाभोवती ही गर्दी! उदबत्त्याइचा धूर! नारळाच्या कवट्या! झेंडूच्या फुलात दगड गळ्यापर्यंत बुडलेला! अन् सर्वात पुढं, डोक्यावर पदराएवढा दुपट्टा घेऊन, ढसाढसा रडणारा रामराव!

या रामरावचं तुरीचं वावर टेकडीले लागून. गडी वर्षानुवर्षं रोज सकाळी डबडं घेऊन टेकडीवर येई, अन् नेमका याच दगडाच्या आडोशाले बसे! आज आला, धोतराले हात घातला, अन् समोर पाहते तं दगडाले शेंदूर! डबडं फेकून थो जो पळत सुटला, थो गावात जाऊनच थांबला. "देव प्रकटला! देव प्रकटला! अन् मी चांडाळ एवढी वर्षं त्याच्या मांगं काय करत होतो!" माणसाले एवढ्या वर्षाचं प्रायश्चित्त एका सकाळी घ्याचं असलं की मंग भक्ती कशी चढते, थे त्या दिवशी साऱ्या टेकडीनं पाह्यलं.

उकंडराव पुढं झाला. "रामराव, अरे हा देव नाही! हा मी कालच रंगवला!"

सारे हसले. "उकंड्या, माणसाइची मस्करी करतं थे ठीक. देवाले तं सोड लेका!"

"मस्करी नाही! खालती माह्या सासूचे दात हायेत!"

मंग तं लोक अजूनच हसले. एक बाई म्हणाली, "आजची जरा जास्तच झाली, भाऊ."

"अरे हे पाहा, माह्या बोटाले रंग हाय अजून!" उकंडरावनं हात वर केला. नखात केशरी रंग चमकला.

रामराव पुढं आला, बोट पाह्यलं, अन् त्याचे डोळे फिरले. "बापरे! देवानं याच्याही बोटाले शेंदूर लावला! एवढ्या नास्तिक माणसाले!" अन् त्यानं त्या बोटाचाच मुका घेतला!

"वास घेऊन पाहा ना! शेंदराले थिनरचा वास येते काय?"

लोकाइनं वास घेतला. "खरंच येते बा," एक म्हणाला. "पावरफुल देव हाय!"

उकंडरावनं शेवटचा साक्षीदार हुडकला. "मुजफ्फर! तुह्या डोळ्यासमोरच मी ट्रॉली रंगवली ना? सांग याइले, कोणता रंग हाय थो!"

मुजफ्फरनं गर्दी पाह्यली, रामरावचे लाल डोळे पाह्यले. "उकंडाभाऊ, ऐसे मामले में मले नका वढू. मी ऑटो सावलीत लावतो." अन् ऑटो आधीच सावलीत होता तरी थो गेला.

आता एकच रस्ता उरला. उकंडरावनं चपला काढल्या, "देवा!" म्हणून धाडकन लोटांगण घातलं, अन् पडल्या पडल्या दगडाखाली हात सारला. डबा लागला. वढला तं अडकला. पाय झाडत वढला. लोक ओरडले, "देव हात वढून राह्यला! वढून राह्यला!" अन् रामरावनं भक्तिभावानं उकंडरावचे दोन्ही पाय धरून मांगं खेचले. खण्णकन डबा बाहेर!

"धरतीतून डबा निंगाला!"

"देवाले स्टीलचा डबा कायले लागते जी?" एकानं शंका काढली.

"मंग काय आता सोन्याचा परवडते काय?" दुसऱ्यानं गप केलं.

रामरावनं झाकण काढलं, फडकं उलगडलं. आत दात! वरचे अन् खालचे! तेवढ्यात गर्दी चिरत मोतीबाई आल्या, अन् दोन्ही हात पसरून किंचाळल्या,

"माहे बाप! माहे बाप हायेप!"

रामराव जागीच गुडघ्यावर बसला. "ऐकलं? बुढीनं वळखलं! हे बुढीच्या बापाचे दात हायेत! अठी महापुरुषाची समाधी हाय!"

"अरे थे 'दात' म्हणून राह्यली!" उकंडराव ओरडला.

"तेच तं! बापाचे दात!"

"बापाचे नाही, दाताचे... आपलं, दातच दात!"

पण ऐकते कोण! रामरावनं फर्मान सोडलं, "सिमेंट आणा! ओटा बांधू! दात ओट्यात पुरू, वरून फरशी बसवू!" दोन पोट्टे सिमेंट आणाले पळालेबी. मोतीबाईचा चेहरा पांढरा पडला. दिग्रसची व्याहीन, शिऱ्याची वाटी अन् आपलं बोळकं, सारं त्याइच्या डोळ्यासमोर आलं, अन् थे बुढी खरोखरच रडाले लागली. उकंडरावले ट्रॉलीचा पत्रा आताच पाठीले टोचल्यासारखा वाटला.

तवा विमल पुढं झाली. पदर खोचून तिनं रामरावलेच विचारलं, "काका, बाप कोणाचा?"

"तुह्या मायचा, माय."

"मंग दात पुरण्याआधी लेकीले दर्शन नको? एवढ्या वर्षानं भेटले बाप! जरा मस्तकाले तं लावू द्या!"

यावर कोण नाही म्हणन? रामरावनं डोळे पुसत डबा मोतीबाईच्या हाती देला. लोकाइनं हात जोडले. मोतीबाईनं दात मस्तकाले लावल्यासारखं केलं, अन् खटाखट तोंडातच बसवून टाकले!

"अवोऽऽ!" सारी टेकडी ओरडली.

मोतीबाईनं जबडा दोन वेळा वाजवून पाह्यला. बरोबर बसला होता. मंग त्या वळल्या, जवयाकडं बोट केलं, अन् कालपासून तुंबलेलं सारं एका दमात मोकळं केलं,

"या मुडद्या जवयानं माहे दात चोरले! दगडाखाली दडवले! दगडाले ट्रॅक्टरचा रंग फासला! दात पडो याचे, दाढा पडो, याच्या तोंडात दुधाचा दातबी न राहो!"

एकूण एक 'त' अन् एकूण एक 'द' ठणठणीत!

"वाचा फुटली!" रामराव नाचाले लागला. "आत्तापर्यंत बाप बाप करणारी बुढी, पाहा कशी टेपरेकॉर्डरसारखी बोलून राह्यली! अन् ऐका, देव तिच्या तोंडून काय बोलला! हाच उकंड्या चोर हाय!"

"मी सकाळपासून तेच सांगून राह्यलो ना!" उकंडराव रडकुंडीले आला.

"तू सांगत होता तवा थे खोटं होतं. आता देवानं सांगितलं." रामरावनं मोतीबाईपुढं डोकं टेकवलं. "माय, याले सजा काय?"

मोतीबाईनं जवयाले वरून खालपर्यंत पाह्यलं. एवढी सोन्यासारखी संधी सासूच्या आयुष्यात रोज येत नाही.

"दिवसभर अठीच बसाचं. भक्ताइच्या चपला सांभाळाच्या. अन् निरंकार उपास! पाणी चालन."

"मामी! साखरपुड्याचं जेवण..."

"थे आमी पाहून घेऊ."

अन् सारं घर दिग्रसले निंगालं. उकंडरावले पाह्यजे होतं तसं ऐतवारी घर हललं, झाडून सारं! फक्त उकंडराव सोडून. ऑटोत बसताना नयन म्हणाली, "बाबा, डबा मात्र एक नंबर लपवला होता!"

दिवस कलला तसा नयनचा फोटो आला. मोतीबाई व्याहीनीच्या पुढ्यात बसून बत्तीशी दाखवून राह्यल्या होत्या. मुठीत शेंगदाणे. व्याहीनीचं तोंड कडू. खाली लिवलं होतं, "आजी म्हणते, पुढच्या ऐतवारी डबा मीच लपवीन. जिलबी मस्त हाय." उकंडरावनं फोटो मोठा करून जिलबीच नीट पाह्यली. मंग एका भक्ताची डावी चप्पल दुसऱ्याच्या उजवीजवळ गेली होती, थे सारखी केली.

तेवढ्यात पायथ्याच्या तांड्यावरचा एक म्हातारा धापा टाकत वर आला. सेवादास नाव सांगितलं त्यानं. चपला काढून उकंडरावच्या हवाली केल्या, अन् हळूच कानाशी लागला.

"महाराज, अठी एका बुढीले वाचा भेटली म्हणते. खरं हाय काय जी?"

"खरं हाय."

म्हाताऱ्यानं मांगं वळून पाह्यलं. खालून त्याची बायको टेकडी चढून राह्यली होती. अजून लय दूर होती, पण त्या म्हाताऱ्याले ती काय काय बोलून राह्यली, थे अठीपर्यंत सारं ऐकू येत होतं.

"देव वाचा देते तशी," म्हाताऱ्यानं आवाज अजून खाली आणला, "घेतेबी काय?"

उकंडरावनं दगडाकडं पाह्यलं, चपलाइकडं पाह्यलं, अन् भुकेनं आत गेलेल्या पोटावरून हात फिरवला.

"घेते ना, बाबाजी! पण दुसऱ्या दिवशी व्याजासकट वापस करते!"